सात सेकंद आधी

शनिवारी साडेसहालाच वर्डी आत्या
व्हरांड्यातल्या खुर्च्या आत ओढते
आणि चुन्याची पिशवी घेऊन गवतावर रेघा मारते.
नऊ गाड्या.
हायड्रेंजियाची थोडी गय केली नाही, तर दहा.
पुठ्ठ्यावरचे चाळीस खोडून ती पन्नास करते,
कारण आज नदीपलीकडचे येणार आहेत
आणि त्यांच्याकडून दहा डॉलर जास्त घेणं
तिच्या चर्चमध्ये पाप धरत नाहीत.

माझं काम रस्त्यात उभं राहून
नारिंगी फडकं हलवायचं.
मागे, मागे, अजून मागे, बस्स.
या विद्यापीठात मी दोन सत्रं काढली,
तिसऱ्याची फी भरली नाही.
तरी दर शनिवारी
माझ्या इशाऱ्यावर डॉक्टर, वकील, एक न्यायाधीशसुद्धा
निमूट उलटे चालतात.

आमच्या संघाचं नाव खेचरं.
कधीकाळी इथल्या कालव्यातून नावा ओढायची म्हणे.
कालवा बुजला, वर रस्ता झाला,
पण अठ्ठावीस हजार माणसं अजून
कापडी कान लावून टेकडी चढतात
आणि भरदुपारी एकसुरात खिंकाळतात.
प्रुएट नवराबायको एकोणीस वर्षं मेपलखालीच गाडी लावतात.
तो शेगडी पेटवतो, ती कांदा कापते,
आत्याला पहिलं सॉसेज.
भाड्यात धरलेलं नाही ते, पण चुकतही नाही.

दीडला गल्ली रिकामी.
नुसता कोळशाचा वास,
उलटे पडलेले लाल पेले,
आणि कुणाचं तरी एक मळकट हातमोजं.

आत्या आजवर स्टेडियमच्या आत गेलेली नाही.
बेचाळीस वर्षं तिनं खेळ कानांनी पाहिला,
भांडी घासता घासता.
पुढे सरकले तर वेगळा आवाज,
चेंडू हातचा गेला तर वेगळा,
पंच चुकला तर सगळ्यांत मोठा.
आता टीव्ही घेतलाय,
पण टीव्ही मागून येतो. मोजलंय आम्ही, सात सेकंद.
खिडकीतून आधी घडतं,
मग पडद्यावर त्याची तयारी सुरू होते.

शेवटची चार सेकंदं. दोन गुणांनी मागे.
मारायला आला तो नवा पोरगा, टोबायस लिंडक्विस्ट,
अठरा वर्षांचा, हनुवटीवर मुरुमं.
त्यानं मांडीला हात पुसला.
आणि खिडकी गप्प झाली.
अशी गप्प, की नळाचा थेंब ऐकू यावा.
मग लांबून, एका कोपऱ्यातून,
नदीपलीकडच्यांचे भोंगे.

पडद्यावर पोरगा अजून श्वास घेत होता.
त्याला काहीच ठाऊक नव्हतं.
तो दोन पावलं मागे गेला, मग एक बाजूला.
आत्या ओल्या हातानं पुढे झाली
आणि तिनं टीव्ही बंद केला.
कुणीतरी आजारी असल्यासारखा, हळूच.
मी काही बोललो नाही.
चेंडू जमिनीवरच राहिला आमच्या घरी.

मग सगळे उतरले टेकडीवरून,
खाली बघत, कान हातात घेऊन.
प्रुएटनं शेगडी न पुसताच डिकीत टाकली,
त्याची बायको म्हणाली, बरंय, पुढच्या वेळी,
आणि पुढची वेळ थेट सप्टेंबरात होती.
कुणीतरी कुंपणापाशी ओकून गेलं.
मी पाण्याचा पाइप घेतला.
आत्यानं कॉफीच्या डब्यात पाचशे मोजले.
डब्याखाली विद्यापीठाचं पत्र, तिसरं.
घर द्या, तिथे सात मजली वाहनतळ होईल.
ती पत्राचा उपयोग
डब्याचा गोल डाग पडू नये म्हणून करते.

रविवारी सकाळी दहावी गाडी तिथेच.
निळी, एक दिवा फुटलेला,
मागच्या सीटवर कापडी कान.
टो करणाऱ्याला बोलावू का, मी विचारलं.
राहू दे, आत्या म्हणाली,
हरल्यावर माणसाला गाडी कुठे लावली ते आठवत नाही.
मग चष्मा लावून तिनं चिठ्ठी लिहिली
आणि वायपरखाली सरकवली.
दुसऱ्या दिवसाचे वीस.