विरळणी

लग्नाला त्रेचाळीस दिवस झाले.
मोहाडीच्या या घरात माझी स्वतःची एक वही आहे,
तिच्यात मी वस्तूंना बाई-माणूस करत बसते.
तो चहा. ती साखर. ते दूध.
तिघं उकळून एक झाले की पुन्हा तो.
माझ्या भाषेत सगळ्यांना एकच सर्वनाम पुरतं,
नवऱ्याला, नणंदेला, स्टुलाला.
इथे कपाट उघडायच्या आधी
त्याला विचारावं लागतं, बाबा, तू कोण?
वैजूताई हसते. म्हणते, विचार, विचार,
आम्हाला कधी सुचलंच नाही.

रविवारी तुषार मला नाशिकला नेतो, मिसळ खायला.
पहिल्यांदा मी तर्री सूप समजून वाटीभर प्याले.
गल्ल्यावरचे काका उठून स्वतः ताक घेऊन आले,
डोळे पुसेपर्यंत समोर उभे राहिले.
लाल असतं ते सगळंच सूप नसतं,
हे गंगापूर रोडवर, चारचौघांत, नाक वाहत असताना शिकले.

सासूबाई उंबऱ्यापाशी शिकवतात.
जाते म्हणू नये. येते म्हणावं.
पण मी तर जातेय, शांपू आणायला, कोपऱ्यावर.
तरीही येते.
बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं.
वहीत लिहिलं: जाणं म्हणजे येणं. फुटणं म्हणजे वाढणं.
तिबिलिसीच्या विमानतळावर
मी आईला जातेच म्हणाले होते.
आमच्या भाषेत दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.
हे वहीत लिहिलं नाही.

माझ्या वडिलांच्या वेली हिवाळाभर झोपतात,
अंगावर बर्फ घेऊन, म्हाताऱ्यांसारख्या.
इथल्या वेलीला झोप नाही.
एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी,
दोनदा कापतात आणि दोनदा उठवतात.
डिसेंबरच्या सकाळी तात्यांनी हातात कात्री दिली.
म्हणाले, सगळे मणी ठेवले ना पोरी,
तर एकही मोठा होत नाही.
मी कापू लागले. पायाशी हिरवे, कच्चे मणी.
वडिलांनी पाहिलं असतं तर कात्री हिसकावून घेतली असती.

एक वाक्य मी पहिल्याच आठवड्यात पाठ केलं होतं:
आमच्याकडे असं नसतं.
तुषार म्हणाला, व्याकरण बरोबर आहे,
पण जपून वापर, सासरी महाग पडतं.
म्हणून ते तसंच राहिलं,
लग्नातल्या न वापरलेल्या चपलांसारखं, खोक्यात.

शेजारच्या ओळीत येसू होती.
सुरगाण्याहून टेम्पोतून आलेली, लग्नाला तीन महिने,
नवरा पुढच्या प्लॉटात फवारणीवर.
दुपारी तिने नागलीची भाकर सोडली, अर्धी माझ्याकडे सरकवली,
आणि वर बघून म्हणाली,
नुसत्या तारा नि लोखंडी अँगल.
सावलीला बसाया एक झाड नाही.
आमच्याकडं असं नसतं.

किती सहज म्हणाली!
कुणी चमकलं नाही, कुठे काही महागलं नाही.
मी विचारलं, तुमच्याकडे कसं असतं?
ती सांगत गेली. मोहाचं झाड, नदीतले खेकडे,
आणि आणखी पुष्कळ, जे माझ्या वहीत नाही.
मग बोटं चाटत म्हणाली,
अन् तुमच्याकडं?

त्रेचाळीस दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.
चांगली माणसं आहेत सगळी, जेवलीस का विचारतात,
थंडी वाजते का विचारतात.
मी म्हणाले, तो बर्फ.
मग, ती वेल.
मग, ते आई.
चुकलं, हे मला लगेच कळलं.
येसूने दुरुस्त केलं नाही.
भाकरीचा उरलेला तुकडाही माझ्याच हातावर ठेवला
आणि कात्री उचलली.

रात्री फोनवर आई म्हणाली, आज काय शिकलीस?
मणी कसे काढायचे ते.
काढलेल्यांचं पुढे काय करतात?
मला माहीत नव्हतं.
उद्या येसूला विचारते, म्हटलं,
आणि फोन ठेवताना
एक मराठी शब्द तोंडात आला,
आईला तो कळला नाही.