चाळीस जुड्या आणि वर दोन

सोलापूर सपाट आहे म्हणणारे
रिक्षातून हिंडलेले असतात.
तुळजापूर नाका ओलांडला की रस्ता
म्हशीसारखी पाठ वर काढतो,
बसतो,
पुन्हा उठतो.

पहाटे पाचला पार्क मैदानावर
सगळ्यांचे बूट आपापल्या मापाचे.
माझे श्रीवाणीच्या कॉलेजातले, पुढे कापूस कोंबलेला.
पलीकडे होम मैदानात गड्ड्याचे पाळणे
अर्धेच उभे, अंधारात बरगड्या दिसाव्यात तसे.
छातीवर नंबर : दोन हजार दोनशे सोळा.
शेजारचा पुण्याचा माणूस घड्याळाला विचारत होता
किती वेगानं जायचं.
मी बोटांना विचारलं.

बोटांना पंचवीसचीच सवय.
पंचवीस विड्यांची जुडी,
चाळीस जुड्या म्हणजे हजार,
हजारावर मजुरी.
एक किलोमीटर, एक जुडी,
असं ठरवून निघाले.

पळायचं कुणी शिकवलं नाही.
छातीत जरद्याची धूळ आहे, रोज चाला,
दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या.
विडी घरकुलातून कारखान्यापर्यंत चालू लागले,
उशीर व्हायला लागला,
म्हणून पळाले.
एवढंच.

रूपाभवानीच्या वळणावर पोरं ओरडली,
‘काय बे, येमूलकाकू!’
तिथंच कट्ट्यावर एक म्हातारी,
हातात चहाची बशी,
‘नडी, तंगी, नडी.’
तंगी म्हणजे धाकटी बहीण,
एवढं कानडी येतंच इथं सगळ्यांना.
आमच्या घरात मात्र तंगी
मराठीतलीच राहायला होती बरीच वर्षं.
हसू आलं, आणि हसण्यात
नववी जुडी मोजायची राहिली.

हिप्परग्याच्या तळ्यावर पाण्याचं टेबल.
लोक अर्धा ग्लास पीत, उरलेला फेकत, पुढे जात.
आमचा नळ पाच दिवसांनी येतो.
मी थांबले,
दोन्ही हातांनी धरून तळ दिसेपर्यंत प्याले.
गेला वेळ तर गेला.

तामलवाडीच्या अलीकडे एक पिवळा ड्रम,
त्याला वळसा घालून माघारी.
आता कळलं,
उतार उसना असतो.
येताना जेवढे घेतले होते
तेवढे सगळे ऊन चढल्यावर समोर उभे,
वारा तोंडावर,
एकेका चढाला पायाच्या पोटऱ्या
भिजवायची विसरलेल्या पानासारख्या,
वळवायला गेलं की चिरणाऱ्या.
कमरेच्या पिशवीतून कडक भाकरीचा तुकडा काढला,
शेंगाचटणीत बुडवला,
चावता चावता पुण्याचा माणूस मागे पडलेला दिसला,
रस्त्याच्या कडेला, बूट काढून बसलेला.
त्यालाही दिला तुकडा.
त्याचं घड्याळ बंद पडलं होतं.

चाळिसावी जुडी नाक्यावर बांधून झाली.
हात थांबायला हवे होते तिथं,
सूप बाजूला सारायचं, उठायचं.
पण वर दोन होत्या.
ह्या दोन मला ठाऊक आहेत.
चेकर जुडी सोडतो, नाकाशी नेतो,
बोटानं दाबतो,
आणि मूठभर विड्या बाजूला टाकतो : छाट.
मजुरी नाही,
पण वळलेल्या असतात आपणच.
ती दोन किलोमीटर मी
तशी पळाले,
म्हणजे पळाले म्हणवत नाही,
एक पाय दुसऱ्याला नेत होता.

मैदानात कमान उतरवत होते.
एका पोरानं दोरी सोडली, परत धरली,
‘थांब बे, एक बाई येतीया.’
कमान एका बाजूनं वाकडी,
तिच्याखालून गेले.

दुसऱ्या दिवशी मांडीवर सूप ठेवलं
तर मांडी ओरडली.
संध्याकाळी कारखान्यात चेकरनं
पदराआडचं पदक बघितलं,
हातात घेऊन जोखलं, नखानं खरवडलं.
‘पत्र्याचं हाय की हे.’
असू दे, म्हटलं.
बेचाळीस आहेत.
मोजून घ्या. छाट काढायची नाही.