बाहेर पडायची तालीम

भांडुपच्या गाळ्यात, हमरस्त्याच्या हॉर्नपासून तीन भिंती आत,
तू माझ्यासाठी दार केलंस.

आधी तो नुसता सापळा होता:
शेजारी शेजारी दोन खुर्च्या, डोक्यावर लांब पातं,
मागे इंजिन,
आणि इंजिन नि आपल्या पाठींच्या मधे
पेट्रोलची टाकी, अडुसष्ट लिटर.
मी म्हणाले होते, वाऱ्यानं माझे कान दुखतात.
एवढंच म्हणाले होते.

सहा महिने तू फायबरचे थर चढवलेस.
घरी आलास की रेझिनचा वास,
वरणालाही तोच लागायचा.
मग काच (म्हणायची काच, आहे प्लास्टिक),
मग कडेनं रबरी पट्टी.
आत बसून दार ओढलं
तर शेजारच्या गाळ्यातली करवत
लांबच्या लग्नासारखी ऐकू आली.
"बघ," म्हणालास, "अगदी मोटारीसारखं."

मोरेश्वर,
एकोणीस वर्षं मी भाजलेल्यांच्या वॉर्डात काढली.
शुद्धीवर असलेलं माणूस
आगीबद्दल फारसं बोलत नाही.
कडीबद्दल बोलतं.
कडी अडकली होती, सिस्टर.
कडी इथेच असते हो, हाताला लागली नाही.

म्हणून विचारलं, हे कुशीवर पडलं तर?
तू पाना पुसत राहिलास.
पातं जमिनीला लागून तुटतं, म्हणालास,
आणि एक दार मातीवर निजतं.
उरतं एक.
तुझं नाहीतर माझं.

त्या दिवसापासून मी रोज गाळ्यावर.
इस्माईलनं इंजिनापुढे स्टीलचा पत्रा ठोकला.
पेट्रोलच्या नळीला आग सोसणारी बाही चढवली,
तान्ह्याला झबलं घालावं तशी जपून.
बंद करायचा कॉक दोन खुर्च्यांच्या मधोमध,
दोघांचाही हात पोचेल असा.
खुर्च्यांची नायलॉनची कव्हरं मी उसवून टाकली;
ती कातडीला कशी चिकटतात
ते तुला सांगितलं नाही, नुसती उसवली.
बिजागरीला पिन: ओढली की अख्खं दार गळून पडावं.
"दोन किलो आठशे वाढलं," तू कुरकुरलास.
मी म्हटलं, तेवढी मी उतरेन. उद्यापासून भात बंद.

रविवारी इस्माईल आणि त्याच्या भाच्यानं
सांगाडा जुन्या टायरांवर कलंडवला.
आपल्या डोळ्यांवर ओटा पुसायची फडकी.
पट्टा, कॉक, पिन, पाय.
पट्टा, कॉक, पिन, पाय.
भाचा मोबाइलवर वेळ लावून ओरडायचा.
तुझी बाजू खाली: मी वर, मी आधी.
चौतीस सेकंद. मग एकोणीस. मग बारा.

माझी बाजू खाली केली तेव्हा घोडं अडलं.
मी तळाशी, तू माझ्यावर लोंबकळतोयस,
वरचं दार उघडं,
आणि तू हलत नाहीस.
पाय टेकायला माझ्या मांडीशिवाय जागा नव्हती.
अठ्ठावीस वर्षांच्या संसारात
चुकून पाय लागला तरी हात कपाळाला नेणारा तू.
पंचवीस सेकंद, भाचा ओरडला. सव्वीस.
दे पाय, मी म्हटलं.
लागेल तुला.
अरे दे पाय! तू अडलास की मीही आतच ना!

आता मांडीवर नऊ नंबरच्या बुटाची टाच उमटलीय,
जांभळी, कडेनं पिवळट.
चौदा सेकंदांचा डाग.

अजून आपण जमिनीवरून बोटभरही उचललो नाही.
परवानगीचा कागद कुठल्याशा टेबलावर.

एकच राहिलं.
काल दार लावून आत एकटीच बसले होते.
बाहेर तू पेट्रोलचा डबा उघडलास,
मला दिसला,
वास आला नाही.
माझ्या बाजूच्या काचेला एक भोक पाड, मी म्हटलं,
दोन बोटं जातील एवढं.
"आणि तुझे कान?"
दुखू देत.

तू मार्करनं काचेवर गोल काढलास,
पुसलास, थोडा खाली काढलास,
आणि ड्रिलचं बीट शोधण्यात
अर्धा तास घालवलास.