वासी उत्तरायण

तडजोडीच्या खोलीत टेबलावर काच होती,
काचेखाली कुठल्याशा बँकेचं कॅलेंडर, गेल्या वर्षीचं.
त्याच्यावरच बोट ठेवून आम्ही सण वाटून घेतले.
नवरात्रीच्या चार रात्री इकडे, पाच तिकडे.
गणपतीवर कोणी हक्क सांगितला नाही, तो मला तसाच मिळाला.
"मे महिन्याचे पंधरा दिवस हवेत ना,
मग चौदा जानेवारी सोडा," सांडेसराबेन म्हणाल्या,
माझ्याच वकील त्या.
"पंधरा तारीख घ्या. वासी उत्तरायण. आकाश तेच, पतंग तेच."
मी मान हलवली.
स्कूटर दांडिया बाजारापर्यंत आली तेव्हा आठवलं,
आमच्याकडे त्या दिवसाला किंक्रांत म्हणतात.
आई त्या दिवशी नव्या साबणाचा कागदसुद्धा फाडू देत नसे.

हुकूम गुजरातीत आहे. कबजो.
मराठीत ताबा.
वाघोडिया रोडला प्लॉट घेतला त्या दस्तऐवजातही
हाच शब्द होता. तेव्हा त्याच्याखाली
दोघांनी सह्या केल्या, आणि बाहेर येऊन
एकाच बशीत सेव-उसळ खाल्ली होती.

आज दहा वाजता गोत्रीच्या फाटकावर
वॉचमनने वही पुढे केली. नाव, फ्लॅट, वेळ.
'काम' असा एक रकाना होता.
मी लिहिलं: मुलगी.

ऋत्वा आली. बोटांना कालचीच चिकटपट्टी,
कडा काळ्या झालेल्या.
माझ्या मांजलपूरच्या गच्चीवर घरमालकांचं उंधियू
तिसऱ्यांदा गरम होत होतं,
तारांवर कालचा मांजा लोंबत होता,
शेजारचा स्पीकर आज नुसताच उभा.
मी फिरकी धरली. ढील कधी द्यायची, खेच कधी,
हे तीच मला सांगते, आठ वर्षांची.
एक कापला तेव्हा ओरडली, "काप्यो छे!"
आणि लगेच माझ्याकडे बघून, हळू आवाजात,
"म्हणजे, काटला."

मग म्हणाली, मान वरच ठेवून,
"काल ना पप्पा, वाराच नव्हता.
एकपण पतंग चढला नाही.
काल काही मजाच नाही आली."

काल मी इथेच होतो.
सकाळपासून वारा, तोही तिच्या बाजूने येणारा.
दुपारपर्यंत चार कटलेले पतंग
टाकीवर येऊन पडले होते.
त्यातला एक, जांभळा, मी गोंदाने सांधून ठेवला होता
तिला दाखवायला.
तो टाकीमागेच राहू दिला.
"हो का," मी म्हणालो. "आज बरा आहे वारा."
आज खरं तर फारसा नव्हता.

जजसाहेबांनी तिला चेंबरमध्ये बोलावलं होतं,
एकटीला, अकरा मिनिटं.
बाहेरच्या बाकावर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला हेतल,
मध्ये तिची पाण्याची बाटली.
आत ती काय बोलली हे आम्हाला सांगायचं नसतं.
सांडेसराबेनना मी दोनदा विचारलं होतं.
आता वाटतं,
ती तिथेही बहुधा वाऱ्याबद्दलच बोलली असेल.

तिळगूळ डब्यात होता. तिने दोन खाल्ले,
एक रुमालात बांधला. कोणासाठी ते मी विचारलं नाही.
पाचनंतर थोडी झुळूक आली आणि आमचा एक पतंग
इतका लांब गेला की ठिपकाही दिसेना,
फक्त दोरीला हात लावला की कळायचं.
"पप्पा, उतरवू नका ना," ती म्हणाली.
पण सहाची वेळ लिहिलेली आहे.
मी दोरी टाकीच्या नळाला बांधली आणि आम्ही निघालो.

फाटकाशी तिने दातांनी पट्ट्या सोडवल्या,
माझ्या तळहातावर ठेवल्या, कचरा म्हणून,
आणि लिफ्टकडे पळाली.
वर जाऊन आईला सांगेल,
आज वाराच नव्हता.

वॉचमनने पुन्हा वही दिली.
जाण्याची वेळ मी सहा-आठ लिहिली,
मग आठ खोडला.