हातचा

रकाना सतरा : व्यक्तींनी परदेशी धाडलेल्या रकमा.
आकड्याआधी वजाचं चिन्ह,
बारकं, आडवं,
घशात अडकलेल्या काट्यासारखं.
दर तिमाहीला मी ते टंकते
आणि खिडकीतून खाडी बघते.
मगदानची खाडी. डिसेंबरात तीही तोंड मिटून घेते.

साहेब म्हणतात, गळती.
"रिम्मा अर्काद्येव्हना, प्रांताला गळती लागलीय,
अहवालात ठळक लिहा."
लिहिते.

ती गळती आमच्या जिन्याखालच्या खोलीत राहते.
नाव सफरमो. रश्तच्या खोऱ्यातली.
पहाटे पाचला पायऱ्यांवरचा बर्फ पहारीनं फोडते,
दिवसभर कारखान्यात हेरिंग साफ करते,
संध्याकाळी आमच्याच कचेरीची फरशी पुसते.
माझ्या टेबलाखालचा कागद उचलून विचारते,
"हा लागेल?"
कागदावर तीच असते, बेरजेत विरघळलेली.

एकदा पगाराच्या शुक्रवारी तिच्यामागे रांगेत होते.
काचेपलीकडच्या पोरानं विचारलं, "पाठवण्याचा उद्देश?"
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "छप्पर."
यादीत छप्पर नव्हतं.
त्यानं घरखर्चावर टिचकी मारली.

तिकडे दुशान्बेतही माझ्यासारखीच कुणी बसत असेल
चहा निवत ठेवून.
तिच्या वहीत हीच रक्कम अधिक होऊन उतरते,
पण तिचा आकडा आणि माझा आकडा
आजवर कधी जुळलेला नाही.

त्यासाठी सगळ्यात खाली एक ओळ असते :
चुका आणि राहून गेलेलं.
ताळा बसेना की उरलंसुरलं तिथं लोटायचं.
तीस वर्षं लोटत आले,
आत काय आहे ते न बघता.

फेब्रुवारीत सफरमोचा दीर येरेवानला निघाला, बांधकामावर.
येरेवानला माझी इनेसा आहे. नातही.
दोन वर्षं झाली. फोनवर आम्ही हवामानावरच बोलतो.
मी लहान हातमोज्यांचा एक जोड विणला,
अस्तरात नोटा घालून टाके घातले.
ना पावती, ना उद्देश.
त्या माणसानं जोड खिशात टाकला
आणि छातीवर हात ठेवला, बस.

शाळेत बाई सांगायच्या,
हातचा लिहायचा नसतो,
लक्षात ठेवायचा असतो.

तीन आठवड्यांनी सफरमो फडकं पिळता पिळता म्हणाली,
"पोचलं. मुलगी म्हणाली,
मोजे लहान होतात."

मी मापं जुनी घेतली होती.

या तिमाहीला खालची ओळ किंचित फुगली.
साहेबांनी चष्मा वर करून कारण विचारलं.
म्हटलं, थंडी फार होती.
त्यांनी तसंच लिहून घेतलं.