मीटर वाचणाऱ्याची रजा

एकवीस वर्षं मी झिंगाबाई टाकळीत
लोकांच्या अंगणात वाकून काचेवरची धूळ पुसतो,
आकडे वहीत उतरवतो.
शेऱ्याच्या रकान्यात तीनच गोष्टी लिहितो:
काच धूसर, घर बंद, कुत्रं.
मागच्या महिन्यात वैरागडेकाकूंनी विचारलं,
"काहो, हे पाणी येते तरी कुठून?"
"पेंचहून," म्हटलं मी, तोऱ्यात,
आणि चौकापर्यंत सायकल हाणल्यावर लक्षात आलं
की पेंच मी पाहिलेलीच नाही.

म्हणून ही रजा. फाल्गुनातली, एका दिवसाची.
पारशिवनी मागे पडली की रस्ता अंग चोरतो,
मोहाखाली बायका वाकलेल्या,
टोपलीत पिवळट, ओला वास.
कोलितमाऱ्याच्या फाटकावर खाकीतली एक मुलगी
नावं लिहून घेते. सुकवंता कुमरे, गाईड.
अक्षर उजवीकडे कललेलं, माझ्यासारखं,
उभ्यानं लिहिणाऱ्यांचं.

जिप्सीत पुढे एक कुटुंब बसलेलं.
त्यांना वाघ हवा होता, साडेनऊच्या आत.
सुकवंतानं गाडी थांबवली ती एका झाडापाशी.
"ऐन. मगरीच्या पाठीवानी साल पाहा.
उन्हाळ्यात ह्याच्या पोटात पाणी राहते.
हा फुगवटा दिसते न, इथं छेद देला का धार लागते.
माहा आजा प्यालेला हाय. आता मनाई हाय."
मी सवयीनं बुंध्याशी वाकलो.
ती हसली. "काय शोधून राह्यले, भाऊ?"
काय सांगणार.

वाघ आला नाही.
एक सांबर आलं, कानावर माशी घेऊन,
आमच्याकडे असं पाहत राहिलं
जसं बिल न भरलेलं घर मला पाहतं.
पुढच्या सीटवर मोबाइल खाली गेले.
धावड्यातून वाऱ्याची एक झुळूक आली,
कांडोळाचं पांढरं, नागडं झाड जागचं हललं नाही.

दुपारी नाव. पैकू डहारे वल्हवतो,
कमी बोलतो, पाण्याकडे न बघता पाणी ओळखतो.
काठाला एक खुंटा, त्यावर रंगवलेल्या रेघा.
"चार बोटं उतरलं काल," तो म्हणाला,
"तुमच्या शहराले तहान लागली वाटते."
मी वही काढली नाही. हात मात्र खिशाकडे गेला होता.

नदी अशी असते हे मला माहीत नव्हतं.
मला ती अर्ध्या इंचाची माहीत होती,
सकाळी सहा ते आठ, दाब कमी,
वरच्या मजल्यावर चढत नाही.
इथे ती डोंगराच्या दोन्ही बगलांत भरलेली,
कवड्या धीवर हवेत जागच्या जागी थरथरतो
आणि दगडासारखा पडतो,
आणि पुन्हा वर, चोचीत चमकणारं काहीतरी.

एका खडकापाशी पैकूनं वल्हं धरून ठेवलं.
काळी, वाळलेली विष्ठा, तिच्यात माश्यांचे खवले
काचेच्या भुग्यासारखे.
"पाणमांजर. राती येऊन गेलं."
आम्ही बराच वेळ थांबलो.
पाणी नावेच्या बुडाला चाटत होतं, एवढंच.
जे दिसलं नाही त्याचीही नोंद होते,
हे मला कळायला इतकी वर्षं लागली,
आणि तीही दुसऱ्याच्या वहीत.

सोमवारी पुन्हा टाकळी.
सांगायचं म्हणून आधी वैरागडेकाकूंकडे गेलो.
कुलूप. त्या लेकीकडे, काटोलला.
गज्यांतून हात घालून काच पुसली,
आकडे घेतले, घर बंद असं लिहिणार होतो,
तेवढ्यात दिसलं, आतलं ते बारीक लाल चक्र
फिरत होतं.
कुणी नसलेल्या घरात. हळू. न थांबता.
गळती. नियमानं नोटीस चिकटवायला हवी.

मी उकिडवा बसलो, उन्हात,
आणि पाहत राहिलो.