टिंब

वकिलाने माझाच केसपेपर
माझ्यापुढे धरला : वाचा, डॉक्टर.
माझंच अक्षर. मला लागेना.
शून्य आणि पाच यांच्यामधलं टिंब
पेनातून उतरलंच नव्हतं बहुधा,
किंवा वॉर्डातल्या चहाच्या डागाखाली गेलं.

मागच्या बाकावर हेमलता तांडेलचा मुलगा,
वरळी कोळीवाड्यातून आलेला,
मांडीवर हेल्मेट.
पैशांचं तो काही बोलला नाही.
त्या रात्री तुम्ही बाहेर का आला नाहीत,
एवढंच विचारलं.
माझ्या वतीने वकील उठला.

आता परळच्या ओपीडीत
मी पहिलीतल्या पोरासारखा लिहितो,
आकडा अक्षरीसुद्धा. रांग कुरकुरते.
सिस्टर मोठ्याने वाचते, मी हं म्हणतो.

टिंब जमलं.
बाहेर येणं अजून
दारापर्यंतच.